तिसऱ्या भोकामागची हिरवी वायर

आमच्या न्हाणीघरात वॉशिंग मशीनच्या समोर एक पाट ठेवलेला असायचा. लाकडी, आज्जीच्या वेळचा, पंगतीला काढायचो त्यातलाच एक. आईनं तो तिथं आणून ठेवला होता कारण मशीनच्या पत्र्याला ओला हात लागला की मुंग्या यायच्या. "मशीन चावतंय," आई म्हणायची. पाटावर उभं राहिलं, पायात स्लीपर घातली की चावायचं नाही. पाहुणे आले तरी त्यांना सांगायचो, पाटावर उभं राहून लावा हं मशीन. अशी चार-पाच वर्षं काढली आम्ही, मी, आई आणि सातवीतला माझा भाचा, जो शाळेसाठी आमच्याकडे सांगलीत राहतो.

एका रविवारी कपडे काढता काढता भाच्यानं विचारलं, "मावशी, पाटावर उभं राहिलं की करंट कुठं जातो?"

म्हटलं, लाकडातनं करंट जात नाही, म्हणून लागत नाही.

"मग पाट नसला की कुठं जातो?"

"जमिनीत."

"जमिनीत जाऊन काय करतो?"

मी गप्पच झाले. दहावीला ओहमचा नियम पाठ होता मला, गणितं सोडवली होती, तीन मार्काचं असायचं एक, बरोबर यायचं. आणि घरात रोज ज्याला हात लावते त्या पत्र्यात करंट कुठून येतो आणि माझ्यातनं पुढं कुठं जातो, हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. त्या मुलाचा प्रश्न इतका सरळ होता की दिवसभर डोक्यातनं गेलाच नाही.

आमच्याकडं लाईटीबद्दल शिकवतात ते एकच, हात लावू नको. मुलींना तर तेवढंच. आणि ते उगाच नाही, त्यामागं पाहिलेलं असतं. माझं गाव पलूसच्या बाजूला, कृष्णाकाठी. मी तिसरी-चौथीत असेन, पावसाचे दिवस, शेजारच्यांची गाभण गाय पोलाच्या ताणाजवळ, म्हणजे पोलाला आधार द्यायला जमिनीत रोवलेल्या तारेजवळ, चरत चरत गेली आणि उभ्याची आडवी झाली. तिनं ताणाला तोंड लावलेलं नव्हतं, अंगही घासलं नव्हतं, नुसती जवळ गेली होती. माणसं लांबनं बघत उभी, पुढं कुणी जाईना, मालकाची बायको रडत पुढं धावायला लागली तर चौघांनी तिला धरून ठेवली. "लाईटीनं धरली गाय," एवढंच सगळे म्हणत होते. त्या दिवसापासून पावसात पोलाजवळनं जाताना माझ्या पोटात गोळा येतो, अजून येतो. पण स्पर्श न करता ती कशी मेली हे कुणी सांगितलं नाही, आणि मला वाटतं सांगणाऱ्यांनाही ते माहीत नसावं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वायरमनकाका राहतात. आयटीआय झालेले, वय साठीच्या पुढं, आता फक्त ओळखीतली कामं घेतात. सोमवारी पतसंस्थेतनं येताना मी त्यांच्याकडं गेले आणि मशीनचं सांगितलं. पाटाचं ऐकल्यावर त्यांचा चेहराच बदलला. "पाट काढा आधी ताई," म्हणाले, "पाटानं रोग झाकलाय नुसता."

संध्याकाळी आले ते पिशवीत दोनच गोष्टी घेऊन, एक टेस्टर आणि एक होल्डर, त्यात १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि होल्डरमधून निघालेल्या दोन वायरी. आधी त्यांनी घरातल्या सगळ्या मशीनचे, फ्रिजचे, मिक्सरचे प्लग काढायला लावले. का ते मला नंतर कळलं. मग वॉशिंग मशीनच्या सॉकेटात बल्बची एक वायर उजव्या भोकात घातली, तो फेज, करंट आणणारा, आणि दुसरी डाव्या भोकात, तो न्यूट्रल, परत नेणारा. बल्ब लख्ख लागला. मग उजवीकडची तशीच ठेवून दुसरी वायर वरच्या मोठ्या भोकात घातली, अर्थिंगच्या, म्हणजे जे जमिनीला जोडलेलं असायला हवं त्या. बल्ब लागला नाही. मिणमिणलासुद्धा नाही. भाच्याला वाटलं वायर हलली असेल, त्यानं परत करायला लावलं, परत तेच. खाली घातली की उजेड, वर घातली की काही नाही.

"ह्ये भोक नुसतं शोभेला हाय," काका म्हणाले.

मग मेन बोर्ड उघडला. प्रत्येक सॉकेटापासून आलेली हिरवी वायर तिथपर्यंत नीट आली होती, चार-पाच वायरी एकत्र पिळलेल्या, आणि त्यांचं टोक गोल गुंडाळून काळी टेप मारून कोपऱ्यात दाबून ठेवलेलं. पुढं काही नाही. कुठंच जोडलेलं नाही.

मला लगेच आठवलं. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हा. गावभागात आमच्या खालच्या मजल्यात कमरेएवढं पाणी होतं, उतरल्यावर बोर्डांतनं गाळ निघाला. त्या महिन्यात सांगलीत वायरमन मिळणं म्हणजे देव भेटणं, प्रत्येक घरी बोर्ड बदलायचे, जो माणूस मिळाला त्यानं दिवसात सगळं घर करून दिलं, आम्ही त्याला चहा दिला, पैसे दिले, दिवे लागले आणि आम्ही देवाला साखर ठेवली. अंगणातला अर्थिंगचा खड्डा गाळाखाली गेला होता, त्याची तार कुजून तुटलेली, नंतर त्यावरच आम्ही पेव्हिंग ब्लॉक बसवले. त्या माणसाला खड्डा सापडला नाही, त्यानं टेप मारली. दिवा लागतो, पंखा फिरतो, मशीन चालतं. अर्थिंग नसलं तरी काहीच बंद पडत नाही आणि म्हणूनच कुणाला कळत नाही. फ्यूज गेला तर अंधार होतो, न्यूट्रल गेला तर बोंबाबोंब होते. हिरवी वायर गेली तर सगळं होतं तसंच चालू राहतं.

काकांनी यातलं सगळ्यात वाईट सांगितलं ते असं. सगळ्या सॉकेटांच्या हिरव्या वायरी एकमेकींना जोडलेल्या, आणि पुढं जमिनीला जोडलेल्या नाहीत. समजा गीझरच्या आत फेज पत्र्याला लागला, तर तो हिरव्या वायरीतनं मागं येणार, बाकीच्या हिरव्या वायरींत शिरणार आणि फ्रिजच्या पत्र्यावर, मिक्सरच्या, इस्त्रीच्या, मशीनच्या पत्र्यावर जाऊन बसणार. बिघाड गीझरमध्ये आणि शॉक फ्रिज उघडणाऱ्याला. म्हणून त्यांनी आधी सगळे प्लग काढायला लावले होते, तो बल्ब लावून तपासताना फेज तसाच सगळीकडं पसरला असता. मी आईकडं बघितलं, आई फ्रिजकडं बघत होती.

पण मग आमचं मशीन चावत होतं ते बिघडलं होतं म्हणून का, तर नाही, आणि हे मला फार नवलाचं वाटलं. हल्लीच्या मशीनमध्ये आत इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं, त्याच्या तोंडाशी गडबड गाळायला छोटे कपॅसिटर बसवलेले असतात, एक फेजकडून पत्र्याला, एक न्यूट्रलकडून पत्र्याला. अर्थिंग असेल तर त्यातनं झिरपणारा जरासा करंट हिरव्या वायरीनं निघून जातो, कळतसुद्धा नाही. अर्थिंग नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध लटकतो, घरातल्या २३० व्होल्टचा निम्मा, साधारण ११५ व्होल्टवर. टेस्टर लावला की लाल लागतो. करंट अगदी थोडा असतो, मरण्याइतका नाही, पण मुंग्या येण्याइतका. म्हणजे मशीन गेली पाच वर्षं रोज सांगत होतं की माझ्यामागची हिरवी वायर तुटलीय, आणि आम्ही पाट टाकून उभे होतो.

आता भाच्याचा प्रश्न. जमिनीत जाऊन करंट काय करतो?

मला वाटायचं जमीन म्हणजे मोठं पोट आहे, करंट त्यात गेला की जिरला. तसं नाही. करंट कधीच कुठं जिरत नाही, तो जिथनं निघाला तिथं परत जातो, परत जायला वाट असेल तरच निघतो. आपल्या घराचा करंट निघतो कोपऱ्यावरच्या डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमधनं, आणि त्या ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल खाली जमिनीत मुद्दाम पुरलेला असतो. म्हणून न्यूट्रलला हात लागला तर सहसा शॉक बसत नाही, तो आणि आपण एकाच पातळीवर असतो. आणि म्हणूनच फेजला हात लावून जमिनीवर उभं राहिलेल्या माणसातनं करंट हातातनं शिरतो, छातीतनं पायात, पायातनं फरशीत, मातीत आणि मातीतनं चालत चालत डीपीच्या खड्ड्यापर्यंत जाऊन वर चढतो. माणूस त्याच्या परतीच्या वाटेत आला एवढंच. पाट म्हणजे त्या वाटेवर टाकलेला अडसर.

हे कळल्यावर तारेवरचं पाखरू का मरत नाही ते आपोआप कळलं. त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, दोन पायांत फरकच नाही, मग करंट त्याच्यातनं कशाला जाईल. व्होल्टेज म्हणजे दोन जागांमधला फरक, एकट्या जागेला व्होल्टेज नसतं. वटवाघूळ मरतं कारण पंख पसरले की दोन तारांना लागतात. आणि ती गाय. ताणाला कुठंतरी वरनं फेज लागला होता, ओल्या जमिनीत उतरत होता, आणि जमिनीत उतरताना तो पोलापाशी जास्त, लांब जाल तसा कमी कमी होत जातो. गाईचे पुढचे पाय जवळ, मागचे पाय चार-पाच फूट लांब, त्या दोन जागांत फरक, आणि करंट एका पायातनं चढून तिच्या छातीतनं दुसऱ्या पायात उतरला. म्हणून जनावरं माणसांच्या आधी जातात. म्हणून तार तुटून पडली असेल तर धावायचं नाही, ढांगा टाकायच्या नाहीत, पाय जुळवून सरकत लांब व्हायचं. त्या बाईला धरून ठेवणाऱ्या चौघांनी बरोबर केलं होतं. मला हे कळायला तीस वर्षांवर गेली याचं खरंच वाईट वाटतं, कारण हे सांगायला कुणाला दोन मिनिटं लागली असती.

"लाईट धरून ठेवते" हेही तसंच. लाईट ओढत नाही. साधारण १० ते १५ मिलिअँपिअरच्या पुढं करंट गेला की हाताचे स्नायू आपोआप आवळतात, आणि मूठ मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा ताकदीचे असतात, म्हणून माणसाला सोडायचं असूनही सोडता येत नाही. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. आता हिशोब बघा. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, साधारण हजार ओहमपर्यंत खाली येतो. २३० भागिले १०००, म्हणजे २३० मिलिअँपिअर. दहावीचंच गणित, तीन मार्काचं. पण तेव्हा त्या हजार ओहमच्या जागी माणूस आहे असं वाटलं नव्हतं. आणि आपल्या बोर्डातला एमसीबी, तो करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, पडतो १६ अँपिअरच्या पुढं, म्हणजे १६००० मिलिअँपिअर. माणूस मरायला लागतो त्याच्या कितीतरी पट. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो. मी आजपर्यंत आमच्याकडं एमसीबी आहे म्हणून निर्धास्त होते.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. तो फक्त एकच बघतो, फेजनं जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलनं परत आला का. मी पतसंस्थेत काम करते, मला हे फार आवडलं, रोज संध्याकाळी कॅश टॅली करतो तसं तो सतत टॅली करत असतो. ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला, म्हणजे कुठंतरी कुणाच्या तरी अंगातनं किंवा पत्र्यातनं करंट आडवाटेनं चाललाय, की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडतो.

त्या आठवड्यात भाच्यानं काकांना सोडलंच नाही. शाळा सुटली की त्यांच्या ओट्यावर. एक दिवस येऊन मला म्हणाला, कोयनेची लाईट सांगलीत यायला किती वेळ लागतो माहितेय का. म्हटलं, क्षणात. म्हणाला, बटण दाबल्याचा परिणाम क्षणात पोचतो, पण वायरीतला इलेक्ट्रॉन कुठंच जात नाही. हिशोब केला होता त्यानं वहीत, काकांनी आकडे दिलेले. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत ५ अँपिअर करंट असेल तर इलेक्ट्रॉन सेकंदाला पाव मिलिमीटर सरकतात, मुंगी बरी. आणि आपला करंट तर एसी, सेकंदाला ५० वेळा पुढं-मागं, म्हणजे तो बिचारा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा हलतो आणि परत जागेवर. शिवाय मध्ये ट्रान्सफॉर्मर, तिथं तर अलीकडच्या आणि पलीकडच्या गुंडाळीत तार जोडलेलीच नसते. आमच्या भिंतीतले इलेक्ट्रॉन आमच्याच भिंतीत, वायर ओढली तेव्हापासून, तिथंच थरथरतात.

मग आपण बिल कशाचं भरतो? त्या थरथरण्यातनं आलेल्या कामाचं. एक युनिट म्हणजे हजार वॅटचं यंत्र तासभर. मला ते असं कधी डोळ्यासमोर आलं नव्हतं, मग मी पाण्यात मोजून बघितलं, आमच्या भागाला पाण्यातच कळतं सगळं. हजार लिटर पाणी ३६७ मीटर उचलायला एक युनिट लागतं. पंपात काहीच वाया गेलं नाही असं धरलं तर एका युनिटात हजार लिटरची भरलेली टाकी साताऱ्यातनं अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर जाईल आणि थोडी वीज उरेल. एका वडापावपेक्षा कमी पैशात. धडधाकट माणूस दिवसभर राबला तरी अर्धं-पाऊण युनिट होतं त्याच्या कामाचं. माझ्या आज्जीनं विहिरीवरनं पाणी ओढलं आयुष्यभर, तिच्या एका दिवसाचं मोल मी रात्रभर विसरलेल्या दिव्यांत घालवते, हे मोजल्यापासून माझा हात बटणाकडं जातो.

आणि हेच उलटं केलं की कोयना. पाणी वरनं खाली पडलं की वीज. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातनं बोगद्यानं पश्चिमेला पोफळीकडं सोडतात, साडेचारशे मीटरपेक्षा जास्त खाली, आणि मग ते वाशिष्ठीनं समुद्राला जातं. सगळे टप्पे धरून १९६० मेगावॅट. पण थोडं पाणी आपल्याकडंही येतं, धरणाच्या पायथा वीजगृहातनं, पावसाळ्यात बातम्यांत येतं ना, २१०० क्युसेक विसर्ग सुरू, ते वीज करून नदीत उतरलेलं पाणी. ते कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि खाली येतं, आणि मग टेंभूला, ताकारीला, म्हैसाळला त्यातलंच पाणी मोठमोठे पंप परत वर उचलतात, टप्प्याटप्प्यानं, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतच्या माळावर. पडताना वीज दिली, चढताना वीज घेतली. म्हैसाळचे पंप मी लहानपणापासून बसमधनं बघितलेत, पण हा धागा मला या वर्षी दिसला.

बरं, आमचा खड्डा. काकांनी दोन माणसं घेऊन अंगणातले ब्लॉक उचलले आणि पहारीनं, फावड्यानं खाली जायला लागले. गावभागातली माती नदीकाठची, काळी, दोन फुटांखाली ओल लागली. काका म्हणाले, नशीबवान आहात, जतकडं मुरूम आणि खडक, तिथं अर्थिंग घेताना घाम निघतो, आणि ही काळी मातीही उन्हाळ्यात भेगाळली की रेझिस्टन्स वाढतो, तेव्हा चैत्र-वैशाखात खड्ड्यात पाणी ओतत जा. आठ फूट जीआय, म्हणजे जस्ताचा लेप दिलेला लोखंडी पाईप, त्याला भोकं पाडलेली, भोवतीनं एक थर कोळसा, एक थर मीठ, परत कोळसा, परत मीठ. मीठ विरघळलं की मातीतनं करंट सोपा जातो, कोळसा ओल धरून ठेवतो. आई दाराशी उभी राहून बघत होती, म्हणाली, लोणचं घालताय की काय. तोंडावर छोटा चौकोनी कट्टा केला, पाणी ओतायला वर झाकण. तिथनं नवी जाड तार मेन बोर्डापर्यंत. काकांनी टेप सोडली, हिरव्या वायरींचा तो झुबका सोडवला, एकेक टोक घासून नव्या पट्टीवर स्क्रूनं आवळलं.

मग परत तोच होल्डर, तोच पिवळा बल्ब. भाच्यालाच जवळ उभं केलं, प्लग सगळे काढलेले, स्लीपर घातलेली. काकांनी एक वायर उजव्या भोकात आणि दुसरी वरच्या भोकात घातली.

बल्ब लागला, न्यूट्रलवर लागला होता तसाच लख्ख. भाचा कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिला. मग दाराकडं बघितलं, अंगणाकडं, आणि गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डीपीकडं बोट करून म्हणाला, "म्हणजे आत्ता हा मातीतनं परत चाललाय?" काका म्हणाले, "व्हय. तुझ्या अंगणाखालनं, शेजारच्यांच्या घराखालनं, थेट डीपीत." मीही बघत राहिले. एवढी वर्षं ज्या मातीवर आम्ही रांगोळी काढतो तिच्यातनं वाट काढत तो बल्ब जळत होता.

शेवटी आरसीसीबी बसवला, ३० मिलिअँपिअरचा. काका भाच्याला म्हणाले, आता परत लाव बघू बल्ब तसाच, वरच्या भोकात. १०० वॅटचा बल्ब म्हणजे ४३५ मिलिअँपिअर, फेजनं गेलेला आणि न्यूट्रलनं न आलेला. काकांनी त्याच्या हाताला हात लावून वायर आत सरकवली. बल्बची तार तांबूससुद्धा झाली नाही, खट् असा आवाज आला आणि अख्ख्या घरात अंधार.

आतनं आई ओरडली, "गेली का गं लाईट?"

काका अंधारातच म्हणाले, "जाऊ दे की वहिनी, त्येच तर पायजे."